बरणीतली ठिणगी

हनीफनं गच्चीवरून खिडकीतून आत आलेल्या तारेचं मोकळं टोक काचेच्या बरणीत सोडलं, हात मागं घेतला आणि कापड कापायची मोठी कैची हळूच बरणीच्या तोंडाशी नेली.

टक्.

निळी, बारीक ठिणगी उडाली. त्यानं कैची मागं घेतली, थोडा वेळ थांबला, पुन्हा पुढं नेली. पुन्हा टक्.

बाहेर आभाळात ढगाचं नाव नव्हतं. ऊन रणरणत होतं आणि वारा सकाळपासून मातलेला, रानातली माती उचलून सास्तूरवर फेकत होता. ढग नसताना तारेवर वीज कुठून आली, हे कुणी विचारलं असतं तर हनीफनं सांगितलं असतं. कोरडी धूळ उंचावरच्या तारेला घासत जाते आणि जाता जाता थोडी थोडी वीज तिच्यावर ठेवून जाते. टेरिकॉटचा तागा घाईनं उलगडला की बोटाला चटका बसतो ना, त्यातलाच हा प्रकार. शिंप्याला एवढं कळतं. हनीफला कळत नव्हतं ते पुढचं. आलेली ही वीज गुपचूप जमिनीत जायला हवी होती. त्यासाठी तर खिडकीबाहेर डबी बसवली होती. डबीतून जाड तार परसात गेली होती, आणि परसात दांडा जमिनीत ठोकलेला होता. सगळं जागच्या जागी होतं. तरी ठिणगी बरणीत येत होती.

"झालं का खेळून?" त्याची बायको मेहनाज ओढणीला हात पुसत दारात उभी राहिली. "बरणी द्या माझी. कैऱ्या चिरून, मीठ लावून ठेवल्यात."

"जरा थांब."

"कवाधरनं थांबलेच की. लोणचं घालायची बरणी, आणि तुम्ही त्यात वीज घालून बसलाय. ती काय मुरणार हाय व्हय?"

हनीफ हसला, पण हसू ओठावरच राहिलं. त्याची नजर टेबलावर कापडाखाली झाकलेल्या सेटकडं गेली. शाळेच्या गणवेशाच्या उरलेल्या तुकड्यांचं ते झाकण त्यानंच शिवलेलं. आत जे होतं, ते आता आणखी एक ठिणगी सोसणार नव्हतं.

सास्तूरच्या मोठ्या रस्त्याला लागून हनीफचं घर आहे. पुढच्या खोलीत शिलाईचं दुकान, मागं राहतं घर. पोरांचे गणवेश, बायकांचे झंपर, लग्नसराईत नवरदेवाचा एखादा कुर्ता. हात सफाईदार, पण माणूस वेळेचा कच्चा, अशी त्याची गावात ख्याती. कारण शिवता शिवता त्याचं लक्ष मशीनमागच्या टेबलाकडं असायचं. तिथं त्याचा रेडिओ सेट. गाणी ऐकायचा नव्हे, बोलायचा. सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून, केवळ हौस म्हणून देशभरच्या अनोळखी माणसांशी हवेतून बोलणारे लोक असतात. हनीफ त्यातला एक. गावाला वाटायचं, हा पोलिसांच्या वायरलेसवर आहे. सुरुवातीला तो समजावत बसायचा. पुढं त्यानं सोडून दिलं. निदान उधारीवाले जरा बिचकायचे.

ही हौस त्याला लागली ती त्र्याण्णवच्या भूकंपात. बारा वर्षांचा होता. वडील आणि धाकटी बहीण मातीच्या घराखालून निघाले नाहीत. आईला, जमिलाबीला, पाय चेचलेल्या अवस्थेत गाडीत घालून सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. पोरगं जगलंय हे तिला ठाऊक नाही, आई जगलीय हे पोराला ठाऊक नाही. हनीफ दिवसभर एका बाभळीखाली बसून होता. त्याच बाभळीला एका माणसानं तार बांधली, गाडीच्या बॅटरीवर एक पेटी चालू केली आणि पोराला नाव विचारलं. तो माणूस म्हणजे उमरग्याचा गुंडप्पा. टेलिफोन खात्यात नोकरीला, आणि रेडिओचा नादी. पेटीसमोर तोंड नेऊन तो म्हणाला, "हनीफ. आईचं नाव जमिलाबी. मूल सुखरूप आहे. दवाखान्यात शोधून कळवा."

संध्याकाळी पेटीतून उत्तर आलं. सोलापूरच्या कुणी तरी हौशी माणसानं खाटाखाटांवरून नाव पुकारत जमिलाबीला शोधलं होतं. "बाई जिवंत आहेत. पोराला आधी काही खायला घाला म्हणाल्या."

तार इथं, आई तिथं, मधे काहीच नाही, आणि निरोप पोचला कसा? त्या संध्याकाळी हनीफ जो चक्रावला, तो मोठा झाला तरी पुरता सावरला नाही. गुंडप्पाच्या मागं लागून तो शिकला, परवाना काढला. म्हातारपणी गुंडप्पा तोच सेट मांडीवर घेऊन एसटीनं आला आणि शिलाई मशीनवर ठेवून म्हणाला, "मगा, आता हे तू सांभाळ." मगा म्हणजे कानडीत लेकरा. पुढं गुंडप्पा गेला. सेट राहिला.

दर रविवारी सकाळी हवेत या हौशी मंडळींची बैठक भरते. सोलापूर, तुळजापूर, बेळगाव, नाशिक. तुळजापूरचे आण्णासाहेब हजेरी घेतात. ते तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले, आणि सेट दुरुस्त करण्यात त्यांचा हातखंडा. गप्पा म्हणाल तर कांद्याच्या, गुडघ्याच्या, उन्हाच्या. पण आपलं गाव पुकारलं की हनीफ बटण दाबून म्हणायचा, "हनीफ, सास्तूर, हजर." मधल्या खोलीत तसबीचे मणी ओढत बसलेली जमिलाबी ते ऐकायची आणि मगच मेहनाजकडं चहा मागायची. एवढाच काय तो रविवार.

तो रविवार गेल्या उन्हाळ्यात बंद पडला. सेट दिसायला ठीक होता, दिवा लागत होता, बोललेलं जात होतं, पण ऐकू काहीच येत नव्हतं. माणूस बहिरा व्हावा तसा. आण्णासाहेबांनी उघडून पाहिलं. ऐकण्याच्या वाटेवरचा पहिलाच नाजूक भाग तारेवरून आलेल्या विजेनं जळाला होता. त्यांनी तो बदलला. वर ती डबी दिली. "तारेवर साठलेली वीज ही डबी हळूहळू जमिनीत सोडत राहील. तुंबूच द्यायची नाही." श्रावणात ते स्वतः सास्तूरला आले, डबी नीट बसवली, परसातल्या दांड्याला मीटर लावून बघितलं आणि म्हणाले, "झकास."

पावसाळा झकास गेला. थंडी झकास गेली. चैत्रात वारा सुटला, आणि सेट पुन्हा बहिरा.

यावेळी हनीफ टॉवेलात गुंडाळलेला सेट मांडीवर घेऊन तुळजापूरला गेला तेव्हा एसटी देवीच्या दर्शनाला निघालेल्यांनी खच्चून भरलेली. शेजारच्या बाईनं विचारलं, "देव हाय का आत?" हनीफ म्हणाला, "न्हाय मावशी, आजारी माणूस हाय."

आण्णासाहेबांची खोली एका लॉजच्या वरच्या मजल्यावर. खाली भाविकांना खोल्या घ्या म्हणून ओरडा चाललेला. त्यांनी सेट उघडला, भिंगातून पाहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"तोच भाग गेला रे."

"पण डबी होती की."

"होती ना? मग?" जणू हनीफनंच सांगावं अशा तोंडानं त्यांनी विचारलं. "अर्थिंग सुटलं का?"

"न्हाय. दांड्यावरची फरशी उचलून बघितलं. वरची पट्टी घट्ट हाय."

"मी मीटर लावलेलं. मीटर खोटं बोलत नाही." ते डब्यातली चिमटीएवढी वस्तू शोधत राहिले. सापडल्यावर प्रकाशात धरली. "हनीफ, नीट ऐक. हा माझ्याकडचा शेवटचा. ह्या जातीचा आता बाजारात मिळत नाही, मी पुण्यापर्यंत विचारून बसलोय. हा गेला की गुंडप्पाचा सेट शोभेला. समजलं?"

समजलं होतं. काय करायचं ते समजलं नव्हतं.

नवा भाग बसवलेला सेट घेऊन घरी येताना त्यानं फोनवर एकेकाला विचारलं. बेळगावचे म्हणाले, काम झालं की तार सेटपासून काढून ठेव, भिंतीपासून लांब. नाशिकचे म्हणाले, अजिबात काढू नको, मोकळ्या तारेवर जास्त तुंबतं, जमिनीलाच बांधून ठेव. सोलापूरच्या एका जुन्या माणसानं तारेचं टोक काचेच्या बरणीत सोडायला सांगितलं, आम्ही आयुष्यभर तेच केलं म्हणाला. आण्णासाहेबांचं मत, डबी पुरे, फक्त जमीन चांगली हवी. प्रत्येकाचं बोलणं ऐकताना पटायचं. फोन ठेवला की दुसऱ्याचं पटायचं. शेवटी मेहनाजची बरणी आली, आणि त्या बरणीनं उलट नवाच घोर लावला, कारण आता ठिणगी डोळ्यांना दिसायला लागली.

रविवार आला. सेटवरचं झाकण निघालं नाही. मेहनाजनं सवयीनं चहाचा कप टेबलावर ठेवला, मग उचलून मशीनवर ठेवला.

"हनीफ," मधल्या खोलीतून जमिलाबी, "आज आवाज न्हाय आला तुझा."

"सेट आराम करतोय अम्मी."

"आनखी किती आराम? माझ्यापरास म्हातारा झाला का त्यो?"

पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्या रविवारी जमिलाबीनं काही विचारलं नाही, आणि ते हनीफला जास्त लागलं.

तारेचं दुसरं टोक शेजारच्या कोंडीरामच्या कडुलिंबाला बांधलेलं. कोंडीराम सकाळी गुरांना पाणी पाजून आला आणि दुकानाच्या पायरीवर टेकला. "हनीफभाई, एक सांगू का? वारं हाय तंवर तार खाली घ्या. लोक म्हनत्यात, शिंप्यानं बरणीत वीज पिकवायचा कारखाना काढलाय."

"खाली घेतली की मग?"

"मग काय. पाऊस पडल्यावर चढवू."

हनीफ सुईत दोरा ओवत राहिला. एकदा उतरवलेली तार तो परत चढवणार नाही, हे त्याचं त्यालाच माहीत होतं. शिडी आणायचा कंटाळा येतो. रविवार आता रिकामा गेला तरी चालतो, अशी सवय लागते. सेट कपाटावर जातो. सणाला झटकला जातो. गावातल्या किती घरांत अशा वस्तू होत्या, वापरणारा माणूस गेलेल्या. पण बहिरा होऊन पडलेल्या सेटपेक्षा धड असलेला सेट कपाटावर बरा, असंही त्याला वाटत होतं. दोन्ही बाजूंनी विचार करून त्याचं डोकं सुतासारखं गुंतलं. शेवटी तो म्हणाला, "दुपारनंतर या. उतरवू."

मेहनाजनं ऐकलं. कैऱ्यांच्या ताटावरचं फडकं विनाकारण नीट केलं.

दुपारी लाईट गेलेली. टाकी रिकामी, घरातला नळ कोरडा. कोंडीराम लिंबावर चढला होता आणि हनीफ गच्चीवर, तारेची गाठ सोडत. तेवढ्यात खालून हाक आली.

"हनीफ! ए हनीफ! खाली ये."

"अम्मी, तार सोडतोय."

"तार मग सोड. हितं पाणी चोरीला चाललंय!"

काठीवर जोर देऊन जमिलाबी परसात आली होती. असरच्या नमाजाची वेळ, नळाला पाणी नाही, म्हणून तिनं रांजणातून तोटीचा बधना भरून घेतला आणि बऱ्याच काळानं आपल्या जुन्या दगडावर टेकली. पूर्वी ती हात-तोंड-पाय धुऊन वजू करायची ती इथंच, परसातल्या या दगडावर, नमाजाच्या पाची वक्त. आता घरात होतं सगळं.

हनीफ जिना उतरून आला. "कुठाय चोर?"

"ह्ये बघ." तिनं बधना कलता केला. पाण्याची धार दगडावरून उतरली, दोन वितीही गेली नाही, आणि फरशीच्या तुकड्याखाली गडप झाली. पुढच्या नालीपर्यंत थेंब पोचला नाही. "पैलं हितं चिखल व्हायचा का न्हाय? माझ्या चपला रुतायच्या. तूच वरडायचा. आता सगळं गिळतीया."

"उन्हाळा हाय अम्मी. माती तहानली."

"तहानली तर ओली व्हईल की. ही ओलीबी होईना." तिनं काठीच्या टोकानं फरशी सरकवली.

ही फरशी हनीफनं किती वेळा उचलली होती. तिच्याखाली दांड्याचं डोकं, त्यावर तार आवळणारी पट्टी. पट्टी घट्ट आहे ना, एवढं बघून तो फरशी परत ठेवायचा. आज त्यानं पट्टीच्या खाली बघितलं. काळ्या रानाला वैशाखात पडते तशी भेग परसालाही पडली होती. करंगळी सहज जाईल अशी, आणि दांड्याच्या कडेकडेनं खोल गेलेली. जमिलाबीनं काठी टेकवली तर दांडा हलला. म्हाताऱ्या माणसाचा दात हलावा तसा.

हनीफ खाली बसला. दांडा दोन बोटांत धरून त्यानं वर ओढला. मुळा उपटावा तसा तो अलगद हातात आला. शेंड्यापर्यंत कोरडा ठक्क. बोट फिरवलं तर पिठासारखी धूळ.

"कुठं गेला हनीफभाई?" लिंबावरून कोंडीराम. "तार सोडू का धरू?"

"धरा!" हनीफ म्हणाला. मग म्हणाला, "न्हाय, सोडू नका. म्हंजे, तसंच बसा जरा."

"वांदराच्या जल्माला घातलं का मला?"

हनीफचं तिकडं लक्ष नव्हतं. तार घट्ट, पट्टी घट्ट, दांडा शाबूत, आणि दांड्याला धरायला जमीनच नाही? वीज डबीतून इथवर यायची आणि पुढं रस्ता नाही म्हणून माघारी जायची? माघारी, म्हणजे सेटमधे? पण आण्णासाहेबांचं मीटर तर झकास म्हणालं होतं. मग मीटर खोटं की भेग खोटी?

"गुंडप्पानं ठोकला तवा पक्का व्हता," जमिलाबी पाय धुता धुता म्हणाली. "तू शाळेत गेलता. नवं घर मिळालं त्या वर्षी. दांडा घिऊन सगळ्या परसात हिंडला, आन मला इचारतो कसा, 'जमिलाअक्का, तुमी हात-पाय कुठं धुता?' मला रागच आला. म्हनलं, ह्या मानसाला काय करायचं माझ्या हातापायाचं! म्या दगड दाखवला. त्यानं दगडाला चिकटूनच ठोकला, आन गेला चहा पिऊन."

"हे तू मला कधी सांगितलं न्हाईस."

"तू कवा इचारलं?"

हनीफनं दगडाकडं पाहिलं, मग दाराकडं. दारातून मोरीतली पांढरी चौकोनी फरशी दिसत होती. अम्मीचे गुडघे दुखतात म्हणून त्यानं मोठ्या हौसेनं करून घेतलेली वजूची जागा. बसायला ओटा, धरायला दांडी, समोर नळ. पाणी पाइपातून थेट रस्त्याकडच्या गटारात. शेजारपाजारच्या बायका बघायला आल्या होत्या. लेक असावा तर असा, म्हणाल्या होत्या. तेव्हापासून या दगडावर कुणी बसलं नाही. तेव्हापासून इथं थेंब पडला नाही.

"मेहनाज! ओटा आधी झाला का सेट आधी बिघडला?"

मेहनाज हातातलं टाकून आली. "ओटा. रमजानच्या आधी. सेट त्यानंतर."

"पण मग पावसाळ्यात कसा चालला? थंडीत कसा चालला?"

"पावसाळ्यात पाऊस असतो," मेहनाज म्हणाली. मग तीही घोटाळली. "थंडीत... थंडीत माती ओलीच असंल की जरा. का वारं नसतं म्हणून?"

हनीफनं आण्णासाहेबांना फोन लावला. परसात काय दिसलं ते सांगितलं.

"मी श्रावणात मीटर लावलं," ते हळूच म्हणाले. "श्रावणात दगडालासुद्धा ओल असते."

"म्हंजे हेच कारण?"

"असं छातीठोक नाही म्हणवत. तेवढ्या कोरड्या मातीतूनसुद्धा थोडीफार जायला हवी. पण दांडा हवेतच लोंबकळत असेल तर... तू म्हणतोस तो उपटून आला?"

"मुळ्यासारखा."

"करून बघ बाबा. मलाही झोप लागायची नाही आता."

भेगेत पाणी ओतायला सुरुवात झाली. बादली गेली, दुसरी गेली, जमीन पीतच राहिली. कोंडीराम लिंबावरून उतरून, शिव्या घालत, गुरांच्या हौदातलं पाणी वाहायला लागला. माती ढिली झाली तसा हनीफनं दांडा घातला, भोवती चिखल कोंबला, पायानं तुडवला, वर दगडानं ठोकला. हलवून बघितला. हलला नाही. मग तो बरणीपाशी धावला, कैची नेली. काहीच नाही.

काहीच नाही! पण खिडकीबाहेर पाहिलं तर लिंबाचं पानही हलत नव्हतं. वारा पडला होता. म्हणजे अर्थिंगानं ठिणगी गेली की वाऱ्यानं, देव जाणे. दिवसभराच्या धावपळीनंतर हनीफ पुन्हा आपल्या मूळच्या जागी, बरणीसमोर, कैची हातात धरून.

"चला, जेवा," मेहनाज म्हणाली. "वारं काय पळून जात न्हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा असा उठला की दुकानातले कागदी साचे उडाले. हनीफनं बरणीपाशी कैची नेली. शांत. आणखी जवळ नेली, जवळजवळ टेकवली. शांत. मग त्यानं खिडकीबाहेर हात घालून डबीपासून दांड्याकडं जाणारी तार सोडवली आणि थोडा वेळ थांबला.

टक्!

तार परत जोडली. शांत. सोडवली. टक्. जोडली. शांत.

पायरीवर बसलेल्या कोंडीरामनं विचारलं, "काय झालं?"

"काहीच न्हाय झालं."

"मग एवढं खूश का?"

"काहीच होत न्हाय म्हणून!"

कोंडीरामनं मेहनाजकडं पाहिलं. मेहनाजनं मात्र आत येऊन बरणीतलं तारेचं टोक उचलून बाजूला ठेवलं आणि बरणी काखेत मारून घेऊन गेली.

राहिला प्रश्न पाण्याचा. जमिलाबीनं निकाल देऊन टाकला. "म्या दगडावरच बशीन आता."

"गुडघे हायत का तुझे तसे?"

"गुडघ्यांचं म्या बघीन. तुझं मशीन माझ्या वजूच्या पान्यावर जगत व्हतं, आन तू मला पांढऱ्या फरशीवर न्हेऊन बसवलं."

"अम्मी, तू दगडावर बसणार न्हाईस. मी तार उतरवतो त्यापेक्षा."

"उतरव. मग म्या जेवत न्हाय."

मायलेक दोघंही हट्टाला पेटलेले. मेहनाज कैऱ्यांना मोहरीची पूड चोळत होती, तिथूनच म्हणाली, "भांडायचं झालं असंल तर ऐका. ओटा हाय तिथंच राहू द्या. त्याचा पाइप गटाराकडं जातोय न्हवं? तो परसाकडं वळवा. पाणी दगडापाशी पडंल, अम्मी फरशीवर बसतील."

मायलेकांनी एकदम तिच्याकडं पाहिलं. दोघांनाही हे कसं सुचलं नाही, याचंच दोघांना नवल.

"गटारात जात व्हतं, त्यापरास हे बरं," जमिलाबी पुटपुटली. "पाक पानी हाय त्ये, घाण न्हाय."

कोंडीरामनं कुदळ आणली. गुरुवारच्या बाजाराआधी चर खणून झाला, पाइप वळला. तरी आभाळात गडगडलं की तार सेटपासून काढून खिडकीबाहेर टाकायची, हे आण्णासाहेबांनी हनीफकडून कबूल करून घेतलं. ढगातल्या विजेपुढं कुणाचाच दांडा चालत नाही, ते म्हणाले. एवढं एक सांगताना ते अजिबात गोंधळले नाहीत.

रविवार उजाडला तो वारा घेऊनच. लिंब सळसळत होता, तार गुणगुणत होती. हनीफनं झाकण काढलं, बॅटरी जोडली, तारेचं टोक हातात घेतलं आणि सेटच्या मागं नेता नेता थांबला. ह्याच वाऱ्यात, ह्याच तारेनं आधीचे दोन भाग जाळलेले, आणि आत आता शेवटचा. बरणीसमोर शंभरदा पटलेलं आता पटेना. कैचीला ठिणगी दिसत नाही म्हणजे सेटलाही लागत नाही, असंच ना? की कैची वेगळी आणि सेट वेगळा? विचारायला गुंडप्पा नव्हता. असता तर तोही कदाचित सांगत बसला नसता. अम्मीला विचारून, दांडा ठोकून, चहा पिऊन गेला असता.

"अम्मी," त्यानं हाक दिली, "वजू झाला?"

"कवाच! परसात जाऊन बघ, चिखल झालाय."

त्यानं तार जोडली.

आधी नुसती खरखर. मग खरखरीच्या आतून, विहिरीच्या तळातून यावा तसा, आण्णासाहेबांचा हजेरी घेणारा आवाज. बेळगाव. नाशिक. सोलापूर. प्रत्येकाचं उत्तर हनीफला ऐकू येत होतं. सेटला कान होते. वारा खिडकीवर धूळ मारत होता आणि सेटला कान होते.

"सास्तूर?" आण्णासाहेबांनी गेले कित्येक रविवार पुकारलं असेल तसंच, फार आशा न धरता पुकारलं.

"हनीफ, सास्तूर, हजर."

मधल्या खोलीत तसबीचे मणी थांबले. "मेहनाज," जमिलाबी म्हणाली, "चहा टाक."

"अरे वा!" आण्णासाहेब. "वारा आहे तिकडं? आहे? मग मंडळींना सांग, नेमकं काय बदललंस ते."

हनीफचं बोट बटणावर होतं. काय सांगावं? दांडा तोच होता. डबी तीच, तार तीच, मातीही तीच. भाग आण्णासाहेबांनीच घातलेला. त्यानं बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"नवीन काही न्हाय केलं," तो म्हणाला. "गुंडप्पांनी जिथं दांडा ठोकला होता, तिथं आमची अम्मी पाणी सांडायची. ते मी बंद केलं होतं. आता परत चालू केलंय."

बेळगावच्या माणसानं हसत हसत विचारलं, "म्हणजे पाणी किती, कधी, कसं घालायचं, ते तरी सांगा."

हनीफनं मान वळवून आत पाहिलं. मग बटण दाबून म्हणाला, "पाची वक्त."